क्लच मोटर म्हणजे काय? कारखान्यातलं शिलाई मशीन हळू कसं चालवायचं आणि त्याची निगा कशी राखायची?

नाशिकच्या द्वारका चौकातून संध्याकाळच्या गर्दीत दुचाकी काढलेल्या कुणालाही 'हाफ क्लच' समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-आग्रा महामार्ग आणि नाशिक-पुणे रस्ता इथे एकमेकांना मिळतात. वाहनं मुंगीच्या पावलांनी सरकतात आणि आपण क्लच अर्धा दाबून दोन-दोन फूट पुढे जातो. इंजिन जोरात फिरत असतं, चाक मात्र हळू. मधला सगळा फरक क्लच प्लेट घासून घासून सोसत असते.

कारखान्यातल्या शिलाई मशीनच्या टेबलाखाली जी जड, गोल, सतत घूं-घूं करणारी मोटर लटकलेली असते, तिच्या आत अगदी हेच चालू असतं. तिचं नावच क्लच मोटर.

कारखाने नवीन मोटरींकडे वळले तशी ही जुनी मशीन स्वस्तात बाजारात आली. सीट कव्हर, रेक्झिनच्या बॅगा, ताडपत्री, गणवेश, पडदे अशी कामं करणारे छोटे गाळे आणि घरगुती व्यवसाय ती विकत घेतात. पायमशीनवर वर्षानुवर्षं शिवलेला माणूस पहिल्यांदा या मशीनवर बसतो, पायडलवर पाय टेकवतो आणि कापड हातातून निसटून जातं. कोपरा चुकतो, रेक्झिनला नको तिथे भोकं पडतात, कधी सुई बोटात जाते. मग एकतर मशीन कोपऱ्यात पडून राहतं, नाहीतर कुणीतरी सल्ला देतं, 'पंख्याचा रेग्युलेटर लाव की!' हा सल्ला मोटर जाळतो.

म्हणून एक गोष्ट सुरुवातीलाच. क्लच मोटरचं मशीन हळू करता येतं, पण विजेत हात घालून नाही. ते पुली, पट्टा आणि पायडलच्या दांडीतून होतं. कसं, ते पाहू.

क्लच मोटरच्या आत काय असतं?

क्लच मोटर ही मुळात साधी इंडक्शन मोटर असते. बहुतेक मोटरी पाव ते अर्ध्या एचपीच्या असतात. स्विच चालू केला की ती पूर्ण वेग पकडते आणि स्विच बंद करेपर्यंत त्याच वेगाने फिरत राहते, मग तुम्ही शिवत असा किंवा चहा पीत असा.

मोटरच्या फिरत्या भागाला एक जड चाक जोडलेलं असतं, त्याला फ्लायव्हील म्हणतात. त्याच्यासमोर, अगदी थोड्या अंतरावर, क्लच प्लेट असते. तिच्यावर कॉर्कचं किंवा तशाच घर्षण करणाऱ्या पदार्थाचं अस्तर असतं, ज्याला कारागीर 'लाइनिंग' म्हणतात. क्लच प्लेटच्या दांड्यावर बाहेरच्या बाजूला पुली बसवलेली असते आणि त्या पुलीवरून पट्टा वर मशीनच्या हातचाकाकडे जातो.

तुम्ही पायडल दाबता, तेव्हा एक उभी दांडी मोटरचा लिव्हर ओढते. लिव्हर क्लच प्लेटला फ्लायव्हीलकडे ढकलतो. प्लेट चिकटली की मशीन पळतं. पाय काढला की स्प्रिंग प्लेटला मागे ओढते आणि ती दुसऱ्या बाजूच्या ब्रेकवर टेकते. मशीन थांबतं. मोटर मात्र फिरतच असते.

पायडल अर्धवट दाबलं तर प्लेट फ्लायव्हीलला पूर्ण चिकटत नाही, घसरत राहते. क्लच मोटरवर हळू शिवणं म्हणजे हे घसरणं पायाने सांभाळणं. सवयीचा कारागीर यावर एकेक टाका मोजून टाकतो. पण दिवसभर सगळं काम असंच घसरवत केलं, तर लाइनिंग तापतं, गुळगुळीत होतं आणि लवकर झिजतं.

एवढा वेग ठेवलाच कशाला?

कारण ही मोटर सरळ, लांब शिवणीसाठी बनली. एकेकाळी कारखान्यात लांब बाकाखालून एकच फिरता दांडा जायचा आणि त्यावर मशीनची अख्खी रांग चालायची. नंतर प्रत्येक मशीनला स्वतःची मोटर मिळाली. क्लचमुळे मोटर दर वेळी बंद-चालू करावी लागत नाही आणि फ्लायव्हीलमध्ये साठलेल्या जोरामुळे मशीन क्षणात वेग घेतं.

सोलापूरसारख्या ठिकाणी गणवेश शिवणाऱ्या कारागिराला बाहीची किंवा पँटच्या पायाची शिवण दिवसात शेकडो वेळा मारायची असते. त्याच्यासाठी वेग म्हणजे मजुरी. सीट कव्हरला पायपिन लावणाऱ्याला किंवा बॅगेचा कोपरा वळवणाऱ्याला तोच वेग नडतो. मोटर वाईट नसते, ती दुसऱ्या कामासाठी बांधलेली असते.

मशीनमशीनमध्येही फरक आहे. आपल्याकडे कुठल्याही कारखानी मशीनला सर्रास 'जुकी' म्हणतात, म्हणून जुकीचंच उदाहरण घेऊ. कपडे शिवायचं डीडीएल-८७०० मिनिटाला जास्तीत जास्त ५,५०० टाक्यांसाठी बनलेलं आहे. जाड कापड आणि रेक्झिनसाठीचं, चालत्या फूटचं डीएनयू-१५४१ मात्र जास्तीत जास्त २,५०० टाक्यांसाठी. आता हलक्या मशीनचं टेबल आणि मोठ्या पुलीची मोटर कुणी या जड मशीनखाली बसवली, तर मशीन त्याच्या मर्यादेबाहेर पळणार. जुन्या बाजारात टेबल एका मशीनचं आणि डोकं दुसऱ्याचं अशी जोडाजोड होते, म्हणून पुली तपासणं गरजेचं.

तुमचं मशीन किती टाके मारतं? गणित अगदी सोपं आहे

हातचाकाचा एक फेरा म्हणजे एक टाका. म्हणून:

मिनिटाचे टाके = मोटरचे आरपीएम × मोटरच्या पुलीचा व्यास ÷ मशीनच्या पुलीचा व्यास

मोटरचे आरपीएम तिच्या पाटीवर छापलेले असतात. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची असल्यामुळे हा आकडा साधारण दोनच प्रकारचा दिसतो: जलद मोटरला २,८५० च्या आसपास आणि संथ मोटरला १,४२५ ते १,४४० च्या आसपास. मशीनची पुली म्हणजे हातचाकावरची पट्टा बसायची खाच. मोजताना त्या खाचेचा व्यास घ्या, हातचाकाच्या बाहेरच्या कडेचा नाही.

समजा मशीनची पुली ७० मिलिमीटरची आहे. मग पायडल पूर्ण दाबल्यावर काय होतं, ते पाहा:

- २,८५० ची मोटर, ११० मिमी पुली: मिनिटाला सुमारे ४,४८० टाके, सेकंदाला ७५
- २,८५० ची मोटर, ७० मिमी पुली: मिनिटाला २,८५० टाके, सेकंदाला ४७
- २,८५० ची मोटर, ५० मिमी पुली: मिनिटाला सुमारे २,०३५ टाके, सेकंदाला ३४
- १,४२५ ची मोटर, ५० मिमी पुली: मिनिटाला सुमारे १,०२० टाके, सेकंदाला १७

पहिल्या ओळीत टाका ३ मिलिमीटरचा धरला, तर एका सेकंदात जवळपास वीतभर कापड सुईखालून निघून जातं. नवख्या माणसाचा हात तिथे पोचूच शकत नाही. शेवटच्या ओळीत तेच कापड सेकंदाला दोन इंच सरकतं. मशीन तेच, शिवणारा तोच, बदलली फक्त मोटर आणि पुली.

यात आणखी एक फायदा दडलेला आहे. पुली लहान केली की वेग जितका कमी होतो, तितका सुईमागचा जोर वाढतो. ११० ची पुली काढून ५० ची लावली, तर जोर सुमारे सव्वादोन पट होतो. सायकल चढावर हलक्या गिअरला टाकण्यासारखंच हे. रेक्झिनचे चार थर किंवा पट्ट्याची दुमड शिवताना मशीन अडखळत असेल, तर लहान पुली दोन्ही तक्रारी एकदम सोडवते.

पंख्याचा रेग्युलेटर का चालत नाही?

पंखा रेग्युलेटरने हळू होतो, मग ही मोटर का नाही? दोघीही इंडक्शन मोटरीच आहेत.

फरक ओझ्यात आहे. पंख्याचा वेग कमी झाला की हवेचं ओझंही झपाट्याने कमी होतं, त्यामुळे कमी व्होल्टेजवर तो निवांत फिरतो. शिलाई मशीनचं ओझं तसं कमी होत नाही. सुईला कापडातून जायला तेवढाच जोर लागतो. आणि व्होल्टेज अर्धं केलं की इंडक्शन मोटरचा जोर अर्धा नाही, तर चौथाई होतो.

दुसरा धोका आतला आहे. सिंगल फेज क्लच मोटरमध्ये सुरुवातीचा धक्का देण्यासाठी वेगळं वेटोळं आणि कंडेन्सर असतो. मोटरने वेग पकडला की आतला एक स्विच 'टक्' असा आवाज करून ते वेटोळं बाजूला काढतो. रेग्युलेटरमुळे वेग फार उतरला, तर हा स्विच पुन्हा जोडला जातो. काही क्षणांसाठी बनवलेलं वेटोळं सतत चालू राहतं आणि जळतं. मग रिवाइंडिंगच्या दुकानाची पायरी चढावी लागते.

थ्री फेज मोटरची गोष्ट वेगळी आहे. तिचा वेग ड्राइव्ह नावाच्या यंत्राने विजेची फ्रिक्वेन्सी बदलून कमी करता येतो. पण तो खर्च आणि जोडणी जाणकार वायरमनचं काम आहे. साध्या रेग्युलेटरशी त्याची गल्लत करू नका.

हळू करण्याचे मार्ग, स्वस्तातून महागाकडे

१. पायडलखाली अडथळा. पायडलच्या पुढच्या भागाखाली लाकडाची चकती किंवा जाड रबराचा तुकडा ठेवा. पायडल पूर्ण दबणारच नाही, म्हणून मशीन सुसाट सुटत नाही. शिकणाऱ्यासाठी हा उपाय उत्तम. पण कायमचा नाही, कारण यात क्लच सतत घसरत राहतो.

२. दांडीची जागा. मोटरच्या लिव्हरवर दांडी अडकवायला बहुतेक वेळा एकापेक्षा जास्त भोकं असतात. दांडी मोटरजवळच्या भोकात असेल, तर पाय जरासा हलला तरी क्लच झटकन पकडतो. तीच दांडी लिव्हरच्या टोकाच्या भोकात लावली, की क्लच तेवढाच हलवायला पाय जास्त दाबावा लागतो आणि मधले वेग पायाला सापडतात. पैसे शून्य, वेळ दहा मिनिटं. दांडी उभी, सरळ राहील याची मात्र काळजी घ्या.

३. क्लच आणि ब्रेकचं अंतर. पायडल सोडलं की मशीन लगेच थांबलं पाहिजे. पायडल किंचित दाबून धरलं की हातचाक हाताने मोकळं फिरलं पाहिजे. आणखी दाबलं की हळू सुरुवात झाली पाहिजे. या तीन जागा पायाला वेगवेगळ्या जाणवत नसतील, तर लिव्हरजवळचा समायोजनाचा स्क्रू थोडा थोडा, पाव-पाव फेरा फिरवून पाहा. दर वेळी स्विच बंद करून.

४. लहान पुली. सर्वांत जास्त फरक पडतो तो इथे. जुनी पुली काढून नमुना म्हणून दुकानात न्या, म्हणजे आतलं भोक आणि खाच जुळेल. ५० मिलिमीटरपेक्षा फार लहान पुली घेऊ नका. पट्टा एवढ्या छोट्या वळणावर नीट बसत नाही आणि घसरतो.

पुली बदलली की पट्टाही बदलावा लागतो. व्यासात जितका फरक, त्याच्या दीडपटीहून थोडा जास्त पट्टा कमी लागतो. ११० वरून ५० वर आलात, तर फरक ६० मिलिमीटरचा, म्हणजे पट्टा सुमारे ९४ मिलिमीटर, जवळपास पावणेचार इंच छोटा. पट्टे इंचाच्या क्रमांकाने मिळतात. जुन्या पट्ट्यावरचा क्रमांक वाचून त्यातून चार वजा करा. उरलेलं मोटर वर-खाली करून जुळवता येतं.

५. १,४२५ आरपीएमची मोटर. तेवढ्याच एचपीची संथ मोटर जोर जास्त देते आणि आवाज कमी करते. जाड कामासाठी जुनी क्लच मोटरच घ्यायची असेल, तर पाटी वाचून हीच शोधा.

६. रिड्यूसर. टेबलाखाली मोटर आणि मशीनच्या मध्ये आणखी एक दांडा, त्यावर एक मोठी आणि एक लहान पुली. मोटरच्या ५० च्या पुलीवरून पट्टा १५० च्या पुलीवर येतो, त्याच दांड्यावरच्या ५० च्या पुलीवरून दुसरा पट्टा मशीनकडे जातो. वेग थेट एक तृतीयांश, जोर जवळपास तिप्पट. वरच्या उदाहरणात २,८५० ची मोटरही मग मिनिटाला ६८० च्या आसपास टाके मारते. चामडं, जाड पट्टे, ताडपत्रीची दुमड यांसाठी हा पक्का उपाय आहे. जागा लागते आणि दोन पट्ट्यांची निगा राखावी लागते, एवढंच.

एक सावधगिरी. ज्या मशीनमध्ये तेल आपोआप वर चढतं, त्यांचा तेलपंप मशीनच्या वेगावरच चालतो. वेग खूप कमी केलात, तर वरच्या काचेच्या खिडकीत तेल उडताना दिसतं का, ते अधूनमधून बघा. दिसत नसेल, तर अशा मशीनला फार हळू चालवणं योग्य नाही.

निगा: रोज पाच मिनिटं, महिन्यातून अर्धा तास

कुठलंही काम करण्याआधी स्विच बंद, प्लग बाहेर. त्यानंतरही फ्लायव्हील काही काळ फिरत राहतं. ते थांबेपर्यंत हात लावायचा नाही.

रोज: मोटरवरचा आणि तिच्या जाळीवरचा कापसाचा भुसा ब्रशने काढा. हवा जायची भोकं बुजली की मोटर तापते. भुसा आणि उष्णता एकत्र आली की ठिणगीला निमित्त लागत नाही.

आठवड्याला: पट्टा बघा. दोन पुलींच्या मध्यावर साधारण एक किलोच्या जोराने दाबल्यावर पट्टा सुमारे १५ मिलिमीटर आत गेला पाहिजे. त्याहून सैल असेल तर घसरतो, घट्ट असेल तर बेअरिंग खातो. पट्ट्याच्या आतल्या बाजूला भेगा किंवा चकाकी आली असेल, तर बदला. दोन्ही पुली एका रेषेत आहेत का, हे सुतळी लावून पाहता येतं. पट्टा एकाच कडेने झिजत असेल, तर मोटर तिरकी बसली आहे.

महिन्याला: टेबलाला मोटर धरून ठेवणारे नट-बोल्ट आवळा. सततच्या थरथरीने ते सैल होतात. पुलीचा स्क्रू, लिव्हरची पिन, दांडीचे सांधे तपासा. सांध्याला तेलाचा एक थेंब पुरे.

सहा महिन्यांनी किंवा क्लच धक्के देऊ लागला की: क्लचचा भाग उघडून लाइनिंग बघा. ते आरशासारखं चकाकत असेल, तर बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवून चकाकी घालवा. लाइनिंग एका बाजूने खाल्लेलं, तुटलेलं किंवा अगदी पातळ झालेलं असेल, तर नवीन लावून घ्या. जुन्या लाइनिंगच्या धुळीत काय काय असेल सांगता येत नाही. ती तोंडाने फुंकू नका, नाकावर मास्क लावून ओल्या फडक्याने पुसा.

आणि लाइनिंगवर तेल, ग्रीस किंवा स्प्रे कधीही मारू नका. 'क्लच कडक वाटतो' म्हणून मारलेलं तेल क्लचची पकड घालवतं. मग पायडल दाबलं तरी मशीन चालत नाही आणि पाय काढला तरी थांबत नाही. नवीन धाटणीच्या मोटरींची बेअरिंग बंद असतात, त्यांना वरून तेल लागत नाही. जुन्या मोटरीला ग्रीसची डबी किंवा तेलाचं भोक असेल, तर तिथेच आणि थोडंच घाला.

मोटर आवाजातून काय सांगते?

- नुसती हुं-हुं करते, फिरत नाही: लगेच बंद करा. कंडेन्सर गेला असण्याची शक्यता मोठी. सुरुवातीचा स्विच अडकलेला असू शकतो किंवा बेअरिंग जाम. अशी मोटर मिनिटभर चालू ठेवली तरी जळते. कंडेन्सरमध्ये वीज साठलेली असते, तो बदलण्याचं काम वायरमनकडे द्या.
- किर्र किंवा खरखर: बेअरिंग. लवकर बदललं तर कमी खर्चात सुटतं. उशीर केला तर रोटर घासून मोटरच जाते.
- पाय काढल्यावरही मशीन सरकत राहतं: ब्रेक झिजला आहे किंवा क्लचचं अंतर कमी आहे. हा दोष घेऊन काम करू नका, सुई बोटात जाण्याचं हे नेहमीचं कारण.
- पायडल दाबल्यावर मशीन धक्क्याने उडी मारतं: लाइनिंग चकाकलं आहे, त्याला तेल लागलं आहे किंवा दांडी चुकीच्या भोकात आहे.
- जळका वास: सतत हाफ क्लचवर काम चाललं आहे किंवा पुली कामासाठी फार मोठी आहे.

मग सर्वो मोटर घ्यावी का?

सर्वो मोटर पायडल दाबलं तेव्हाच फिरते. वेगाची कमाल मर्यादा बटणाने ठरवता येते, आवाज जवळपास नसतो आणि काही मोटरींना सेन्सर जोडला तर सुई हवी तशी, वर किंवा कापडात थांबते.

विजेचा हिशोबही तिच्या बाजूने आहे. समजा तुमची क्लच मोटर शिवत नसतानाही १५० वॅट घेते. दिवसाचे आठ तास आणि महिन्याचे २६ दिवस ती फिरत राहिली, तर ३१ युनिट नुसत्या घुमण्यात जातात. पाच मशीन असतील, तर १५६ युनिट. महावितरणच्या बिलावरच्या तुमच्या दराने याला गुणा, सर्वो किती महिन्यांत वसूल होईल ते कळेल. तुमची मोटर खरोखर किती घेते, हे वॅट दाखवणाऱ्या मीटरवर मोजा. नुसते अँपिअर मोजून त्याला व्होल्टने गुणलं, तर रिकाम्या मोटरचा आकडा फुगून दिसतो.

पण एक गोष्ट विक्रेता सहसा सांगत नाही. सर्वोचा वेग बटणाने कमी केला, तर पुली बदलल्यासारखा जोर वाढत नाही. जाड रेक्झिनवर अगदी हळू चालवताना लहान सर्वो अडखळते. म्हणून जाड कामासाठी सर्वो घेतली, तरी लहान पुली किंवा रिड्यूसर लागतोच.

साधा निकष असा: कोपरे, वळणं, शिकाऊ हात, घरात इतरांची झोप आणि दिवसभर थांबत-थांबत काम असेल, तर सर्वो. लांब सरळ शिवण, दणकट वापर आणि सवयीचा पाय असेल, तर चांगल्या निगेतली क्लच मोटर आणि योग्य पुली आजही पुरते.

जुनं मशीन घ्यायला गेलात, तर आधी मोटरची पाटी वाचा

पाटीवर चार गोष्टी बघा: फेज, व्होल्ट, आरपीएम, एचपी किंवा वॅट. कारखान्यातून निघालेली मोटर अनेकदा थ्री फेजची, ४१५ व्होल्टची असते. घरच्या सिंगल फेज जोडणीवर ती चालणार नाही, आणि हे घरी आणल्यावर कळलं तर टेम्पोचं भाडं आणि मोटरचे पैसे दोन्ही गेले.

मग मशीन चालवून दाखवायला सांगा. साध्या लॉकस्टिच मशीनमध्ये हातचाकाचा वरचा भाग शिवणाऱ्याकडे यायला हवा. उलटं फिरत असेल, तर जोडणी चुकली आहे. पाय काढल्यावर मशीन किती पटकन थांबतं ते पाहा. बंद करून पुली हाताने हलवा, डुगडुगत असेल तर बेअरिंग गेलेलं आहे.

बोटं सलामत, तर शिवण पन्नास

मोटर बंद केली म्हणजे मशीन बंद झालं, असं नाही. फ्लायव्हीलमध्ये जोर शिल्लक असतो आणि चुकून पायडलवर पाय पडला, तर सुई चार-पाच टाके मारतेच. म्हणून सुई बदलण्याआधी किंवा दोरा ओवण्याआधी स्विच बंद करा, कापडाचा तुकडा फूटखाली ठेवून पायडल दाबा आणि चाक जीव टाकेपर्यंत थांबा. त्यानंतरच बोट सुईजवळ.

पट्ट्यावरचं झाकण काढून ठेवू नका. साडीचा पदर, ओढणी आणि मोकळे केस पट्ट्यात ओढले जातात. फिरत्या भागांना आवरण हवं, ही अट १९४८ च्या कारखाने अधिनियमात कलम २१ खाली होती. तुमचा गाळा कायद्याच्या व्याख्येत कारखाना नसेल, पण पट्टा ते बघत नाही.

टेबलाचा सांगाडा लोखंडी असतो, म्हणून तीन पिनचा प्लग आणि खरं अर्थिंग हवंच. बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर वीज गळाली की पुरवठा आपोआप तुटतो. शिकणाऱ्याने पहिले दोन दिवस दोरा न ओवता, वहीच्या रेघांच्या कागदावर शिवावं. टाच टेकवून, पंजाने हलकेच. रेघेवरून सुई ढळेनाशी झाली, की कापड घ्यावं.

थोडक्यात

क्लच मोटरचा वेग कमी करायचा असेल, तर आधी पाटी वाचा आणि पुली मोजा. दांडी लिव्हरच्या टोकाला लावा, क्लचचं अंतर जुळवा, मग लहान पुली आणि छोटा पट्टा. काम जाड असेल तर रिड्यूसर, काम नाजूक असेल तर सर्वो. रेग्युलेटर कधीच नाही. मोटरवर भुसा साचू देऊ नका आणि लाइनिंगला तेल लागू देऊ नका. एवढं सांभाळलं, तर कोपऱ्यात धूळ खात पडलेलं कारखान्यातलं मशीन पुन्हा कमावतं होतं.